डेंग्यूची साथ दोन महिने आधी ओळखता येते? मग अडलंय कुठे?

ऑगस्ट संपत आला की बातम्यांचा एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी 'शहरात डेंग्यूचे रुग्ण वाढले'. मग महापालिकेने किती सोसायट्यांना नोटिसा दिल्या त्याचा आकडा. मग गल्लीत धूर सोडणाऱ्या गाडीचा फोटो. आणि दिवाळीच्या आसपास प्लेटलेटसाठी एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरणारे मेसेज. वर्ष बदलतं, क्रम तोच राहतो.

या क्रमात एक गोष्ट खटकते. सगळी धावपळ रुग्ण वाढल्यानंतरची आहे. पाऊस कधी येणार हे आपल्याला आधी कळतं, उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळतो, चक्रीवादळ किनाऱ्यावर कुठे धडकणार हे काही दिवस आधी सांगितलं जातं. डेंग्यूची साथ मात्र दरवर्षी 'अचानक' येते.

ती अचानक येत नाही, असं सांगणारा एक अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. तो केला पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या, संशोधकांनी. सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल ही त्यातली प्रमुख नावं. अभ्यासाचं शहरही पुणेच. पुण्यातली डेंग्यूच्या मृत्यूंची नोंद आणि तापमान, पाऊस, आर्द्रता यांची नोंद समोरासमोर ठेवून त्यांनी संगणकाला त्यातलं नातं शोधायला लावलं. त्यांचं म्हणणं असं, की पुण्यातल्या साथीचा अंदाज दोन महिन्यांहून अधिक आधी देता येतो.

दोन महिने म्हणजे खूप झाले. पण हे शक्य कसं होतं ते आधी पाहू.

आज ताप आला, गोष्ट महिन्यापूर्वीची

समजा, आज तुमच्या ओळखीच्या कुणाचा डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता उलटं मोजत जाऊ.

डास चावल्यावर ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. त्या डासाच्या पोटात विषाणू त्याआधी गेला होता, आणि तो वाढून डासाच्या लाळेत उतरायला आणखी ८ ते १२ दिवस लागले. त्याच्याही आधी तो डास अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास झाला. त्याला पावसाळी हवेत ७ ते १० दिवस. बेरीज केली तर तीन आठवडे ते महिना. म्हणजे आजचा पेशंट ज्या साचलेल्या पाण्याचा परिणाम आहे, ते पाणी महिन्यापूर्वीचं होतं. त्यात तपासणीचे आणि नोंद वरपर्यंत जाण्याचे दिवस वेगळेच.

ही झाली एका चाव्याची साखळी. साथ म्हणजे अशा कित्येक साखळ्या एकाला एक जोडल्या जाणं. एक मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, त्यातून पुढची पिढी, मग तिची पुढची. म्हणूनच पाऊस आणि डेंग्यूचे मृत्यू यांच्यामध्ये पुण्यात दोन ते पाच महिन्यांचं अंतर असल्याचं या अभ्यासात दिसलं. जूनमधला पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वॉर्डात दिसतो. हे अंतर हीच अंदाजाची जागा आहे.

यात तापमानाचं काम पाऊस किंवा डास या दोन्हींपेक्षा कमी दिसणारं, पण मोठं आहे. हवा उबदार असली की डासाच्या आत विषाणू लवकर तयार होतो. मादी डास जगतोच दोन-चार आठवडे. विषाणू तयार व्हायला बारा दिवस लागले तर अनेक डास त्याआधीच मरतात. आठ दिवसांत तयार झाला तर त्याच डासाला चावायला जास्त दिवस मिळतात. डासांची संख्या तेवढीच राहिली तरी रुग्ण वाढू शकतात, ते असे. पुण्याच्या अभ्यासात पावसाळ्यातलं २७ अंश सेल्सिअसच्या वरचं सरासरी तापमान आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता डेंग्यूला पोषक ठरल्याचं दिसलं.

मात्र 'जितकं गरम तितका डेंग्यू' असं सरळ गणितही नाही. एडिस इजिप्ती डासामार्फत डेंग्यू सर्वांत सहज पसरतो तो २९ अंशांच्या आसपास. तापमान त्याच्या फार वर गेलं की डासच टिकत नाही. मलेरियाचं सोयीचं तापमान त्याहून कमी, २५-२६ अंशांच्या जवळ आहे. म्हणजे तापमानवाढ एखाद्या ठिकाणी मलेरियाला आवरेल आणि तिथेच डेंग्यूला मोकळं रान देईल, असंही घडू शकतं. 'डासांचे आजार वाढणार' असं सरसकट वाक्य वाचलं की कोणता डास आणि कोणता आजार, हे विचारायला हवं.

पाऊस किती, यापेक्षा कसा

अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग पावसाचा आहे, कारण तो आपल्या समजाला छेद देतो.

आपण म्हणतो, 'यंदा पाऊस जास्त, म्हणजे डास जास्त'. पुण्यात वर्षभरात साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अभ्यासानुसार आठवड्याला १५० मिलिमीटरपर्यंतचा, म्हणजे बेताचा पाऊस डेंग्यूला पोषक. एका आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर गेला की उलटं होतं. कुंड्या, टायर, करवंट्या, पत्र्यावरचे खोलगट भाग यांत साचलेलं पाणी अळ्यांसकट वाहून जातं.

आता समजा, दोन वर्षी चार महिन्यांचा एकूण पाऊस अगदी सारखाच झाला. एका वर्षी तो चार-पाच झोडपणाऱ्या सरींत पडला आणि मध्ये मोठे खंड गेले. दुसऱ्या वर्षी तो रोज थोडा थोडा भुरभुरत राहिला. हवामानाच्या वार्षिक तक्त्यात दोन्ही वर्षं 'सरासरीइतका पाऊस' अशीच लिहिली जातील. डासांच्या दृष्टीने दुसरं वर्ष पर्वणी आहे. पाणी वाहूनही जात नाही आणि वाळूनही जात नाही. आयआयटीएमच्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं: मान्सूनच्या सक्रिय आणि खंडाच्या काळांत फार चढउतार नसतात, पाऊस समान विखुरलेला असतो, तेव्हा डेंग्यू वाढतो. 'यंदा १०४ टक्के' हा मान्सूनचा आकडा शेतकऱ्याला जेवढा अपुरा, तेवढाच आरोग्य अधिकाऱ्यालाही.

बरं, पाऊस अजिबातच नसेल तर? तर आपण पाणी साठवतो. नळाला दिवसाआड पाणी आलं की पिंपं भरली जातात, गच्चीवर उघड्या टाक्या येतात, मोरीतला हौद काठोकाठ भरून ठेवला जातो. एडिसला गटाराचं पाणी आवडत नाही, त्याला असं घरातलं स्वच्छ, शांत पाणीच हवं असतं. शिवाय त्याची अंडी भांड्याच्या काठाला कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. ब्राझीलमधल्या अभ्यासांत दुष्काळानंतर काही महिन्यांनी शहरांत डेंग्यू वाढल्याचं दिसलं आहे. त्यामुळे टँकरवर जगणाऱ्या मराठवाड्यातल्या शहराचं डेंग्यूचं गणित पुण्यासारखं असेल असं मानून चालणार नाही. हवामानाच्या आकड्यांना पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक जोडलं नाही, तर तिथे अंदाज फसेल.

शंभर वर्षांपूर्वी हे करून झालंय

कृत्रिम बुद्धिमत्ता, मशीन लर्निंग हे शब्द आले की ही कालपरवाची कल्पना वाटते. प्रत्यक्षात जगातला हवामानावर आधारित साथीच्या अंदाजाचा एक सर्वांत जुना प्रयोग ब्रिटिशकालीन पंजाबात झाला.

१९०८ च्या पावसाळ्यात पंजाबात भरपूर पाऊस झाला आणि त्यापाठोपाठ मलेरियाची भीषण साथ आली. काही आठवड्यांत तीन लाखांहून अधिक माणसं गेली. एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी त्या साथीचा अभ्यास केला. पुढे १९२० च्या दशकात सी. ए. गिल यांनी त्यावरून जिल्हानिहाय अंदाजाची पद्धत बसवली. पावसाळा सरत आला की कोणत्या जिल्ह्यात शरद ऋतूत साथ येण्याचा धोका आहे, हे ते सांगत. ही पद्धत तिथे दोन दशकांहून अधिक काळ वापरात होती.

गंमत अशी, की गिल यांच्या चार हिशेबांत पाऊस हा फक्त एक होता. दुसरा होता मुलांच्या पोटाला हात लावून पाहिलेल्या पाणथरीचा. वारंवार मलेरिया झालेल्या मुलाची पाणथरी वाढते. ज्या जिल्ह्यात अशी मुलं कमी, तिथे अलीकडे मलेरिया फारसा आलेला नाही, म्हणजे लोकांत प्रतिकारशक्ती कमी, म्हणजे धोका जास्त. तिसरा हिशेब मागच्या वर्षांतल्या तापाच्या मृत्यूंचा. आणि चौथा धान्याच्या भावाचा, कारण महागाईने अर्धपोटी राहिलेली माणसं त्याच तापाने लवकर दगावत.

ना उपग्रह, ना संगणक. पण तिथल्या प्रशासनाला एक गोष्ट कळली होती: आकाशाकडे बघून डास किती होतील हे कळेल, माणसं किती आजारी पडतील हे कळायला माणसांची नोंद लागते.

२०२० चं वर्ष काय सांगतं?

हे आजही तितकंच खरं आहे, याचा पुरावा आपल्याच आकड्यांत आहे. सरकारी नोंदीनुसार २०१९ मध्ये देशात डेंग्यूचे दीड लाखाहून अधिक रुग्ण होते. २०२० मध्ये ते ४५ हजारांच्या खाली आले. त्या वर्षी मान्सून सरासरीपेक्षा जास्त बरसला होता. निव्वळ हवामान पाहणाऱ्या कोणत्याही मॉडेलने २०२० ला डेंग्यूसाठी वाईट वर्ष म्हटलं असतं.

घडलं काय? लॉकडाऊनमुळे माणसांचा प्रवास थांबला, म्हणजे विषाणूचाही थांबला. आणि दवाखान्यात जायला लोक घाबरत होते, तपासणीची यंत्रणा कोविडमध्ये अडकली होती, त्यामुळे झालेला डेंग्यूही पूर्ण मोजला गेला नाही. यातला किती वाटा खऱ्या घटीचा आणि किती न मोजण्याचा, हे आकड्यांवरून वेगळं काढणं अवघड आहे. पुढच्याच वर्षी आकडा १ लाख ९३ हजारांवर गेला. २०२३ मध्ये तो २ लाख ८९ हजारांच्या पुढे होता.

शिवाय डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एक झाला की त्या प्रकारापासून बचाव मिळतो, पण दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो अधिक गंभीर होण्याची शक्यता वाढते. एखाद्या शहरात बरीच वर्षं एकच प्रकार फिरत असेल आणि अचानक दुसरा आला, तर पाऊस-तापमान अगदी नेहमीसारखं असूनही मोठी साथ येऊ शकते. हे थर्मामीटरमध्ये दिसत नाही. त्यासाठी रुग्णांच्या रक्ताचे नमुने सतत तपासून कोणता प्रकार वाढतोय हे पाहत राहावं लागतं.

याच कारणाने त्या अभ्यासातले शतकाच्या शेवटचे आकडे जपून वाचायला हवेत. पुण्यात डेंग्यूचे मृत्यू नजीकच्या काळात, म्हणजे २०४० पर्यंत, १३ टक्क्यांनी वाढतील आणि उत्सर्जन असंच चालू राहिलं तर शतकाअखेर ही वाढ ११२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असं त्यात म्हटलंय. शेअर करायला ११२ हा आकडा सोयीचा आहे. पण बाकी सगळं, म्हणजे उपचार, लस, पाणीपुरवठा, घरं, आहे तसंच राहिलं तर हवामान काय करेल, एवढंच तो सांगतो. पुढच्या ऑक्टोबरचा अंदाज आणि २१०० चा अंदाज या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. आपल्या उपयोगाचा आहे तो पहिला.

अंदाज बरोबर आला, पण...

आता थोडं आफ्रिकेकडे जाऊ, कारण अंदाज खरा ठरल्यावर काय होतं याचं उदाहरण तिथे आहे.

रिफ्ट व्हॅली फिव्हर हा गुराढोरांना आणि माणसांना होणारा, डासांमार्फत पसरणारा आजार. पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टीने खोलगट माळरानं भरली की तिथल्या मातीत दडून असलेली डासांची अंडी फुटतात आणि साथ येते. २००६ मध्ये प्रशांत महासागरात एल निनो आणि हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला, असं दोन्ही जुळून आलं. समुद्राचं तापमान, पाऊस आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांवर लक्ष ठेवणाऱ्या नासाच्या आणि अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी सप्टेंबरपासूनच इशारे दिले. डिसेंबरमध्ये केनियात साथ लागलीच. नकाशावर लाल रंगवलेल्या भागांतच बहुतांश रुग्ण सापडले. साथीच्या अंदाजाचं हे जगातलं गाजलेलं यश मानलं जातं.

पण जनावरांच्या लसीकरणाने वेग घेतला तो माणसं दगावायला लागल्यानंतर. केनिया, सोमालिया आणि टांझानिया मिळून ३०० च्या वर मृत्यूंची नोंद झाली. इशारा होता, पण 'इशारा आला की कोणी, कोणत्या पैशातून, काय करायचं' हे आधी ठरलेलं नव्हतं.

आपल्याकडे याचं उलट उदाहरणही आहे. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. तापमानाचा अंदाज एका पातळीच्या वर गेला की कुणाला फोन जातो, कोणती सार्वजनिक ठिकाणं उघडी राहतात, रुग्णालयांत काय तयारी होते, हे लिहून ठेवलेलं आहे. आकडा ओलांडला की बैठक बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही. डेंग्यूसाठी असं लिहून ठेवलेलं काही असेल तरच दोन महिन्यांना अर्थ.

आणि दोन महिन्यांत करण्यासारखं बरंच आहे. अळीनाशकाची खरेदी निविदेत अडकण्याआधी करता येते. घरोघरी पाहणी करणारे कंत्राटी कर्मचारी साथीच्या ऐन भरात नव्हे तर आधी भरता येतात. रक्तपेढ्यांना सांगता येतं. मुख्य म्हणजे बांधकामाच्या साइट, बंद घरं, भंगाराची दुकानं तपासून होतात. धूर फवारणी यात मुद्दाम घेतली नाही. ती उडणारे डास थोडे दिवस कमी करते, अळ्यांना हातही लावत नाही. आणि एडिस तर पडद्यामागे, पलंगाखाली बसलेला असतो. ती दिसते मात्र छान.

चुकीचा इशारा निघाला तर? चक्रीवादळाचा इशारा चुकला तर हजारो लोकांना विनाकारण घर सोडावं लागतं. डेंग्यूचा चुकला तर काही हजार पिंपं आणि कुंड्या विनाकारण रिकाम्या झाल्या, एवढंच. म्हणून इथे शंभर टक्के खात्रीची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

मग अडलंय कुठे?

हवामानाच्या बाजूला फारसं अडलेलं नाही. हवामान विभाग दर आठवड्याला पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. मान्सूनचा सक्रिय काळ कधी, खंड कधी, हे आता बऱ्यापैकी आधी कळतं. पुण्यात तर हवामान विभागाचं कार्यालय, आयआयटीएम आणि विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, तिन्ही एकाच शहरात आहेत.

अडलंय ते गिल यांच्या उरलेल्या तीन हिशेबांपाशी. पुण्याच्या आरोग्य विभागाने आकडे दिले म्हणून पुण्याचा अभ्यास झाला. केरळसह इतर ठिकाणीही माहिती मागितली होती, पण तिथल्या आरोग्य विभागांकडून ती मिळाली नाही, असं रॉक्सी कोल यांनी अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा सांगितलं. पेशंटचं नाव-पत्ता कुणी मागत नव्हतं. आठवडा, वॉर्ड आणि संख्या, एवढं पुरतं.

जे आकडे आहेत त्यांतही मोठी गळती आहे. सरकारी नोंदीत 'निश्चित डेंग्यू' म्हणून धरला जातो तो एलायझा पद्धतीने तपासलेला. खासगी दवाखान्यांत पटकन रिपोर्ट देणारी रॅपिड किट सर्रास वापरली जातात. त्यातला पॉझिटिव्ह रुग्ण 'संशयित' राहतो, आणि नमुना पुढे पाठवलाच नाही तर तिथेच संपतो. शहरातले बहुतेक तापाचे पेशंट आधी खासगी डॉक्टरकडेच जातात, हे लक्षात घेतलं तर मॉडेलला शिकायला मिळणारा इतिहास किती तुटका आहे, याची कल्पना येईल.

हाच डास चिकुनगुनिया आणि झिकाही पसरवतो. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ मध्ये राज्यात १४० जणांना झिका झाल्याची नोंद झाली, त्यातले बहुसंख्य पुणे परिसरातले. एडिससाठी पोषक आठवडे ओळखणारी यंत्रणा उभी राहिली तर ती तिन्ही आजारांना उपयोगी पडेल.

पण पुण्याचं मॉडेल उचलून नागपूरला किंवा रत्नागिरीला लावता येणार नाही. कोकणात जुलैच्या आठवड्यात १५० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्टच नाही, त्यामुळे पाणी धुऊन नेणारी मर्यादा तिथे वेगळी निघेल. गडचिरोलीत प्रश्न डेंग्यूपेक्षा मलेरियाचा आणि तिथला डास जंगलालगतच्या ओढ्यांतला. प्रत्येक ठिकाणचं गणित तिथल्याच किमान दहा-पंधरा वर्षांच्या आठवडानिहाय नोंदींवरून मांडावं लागेल. अशा नोंदी रजिस्टरमध्ये, एक्सेलमध्ये, कुठल्या तरी कपाटात आहेत. त्या संशोधकांना खुल्या करायला नवा उपग्रह लागत नाही. महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याची सही लागते.